एका अर्जाची बखर

२०१२ सालच्या उत्तरार्धात रॉय फील्डिंग या संगणकशास्त्रज्ञाने अपाचे नावाच्या सर्व्हरच्या मूळ मांडणीत मोजक्या ओळींची भर घातली, आणि त्या ओळींनी एक चमत्कारिक हुकूम सोडला: मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर १० या ब्राउझरकडून आलेल्या विनंतीवर ‘माझा माग काढू नका’ अशी खूण असेल, तर पुढे कोणाच्याही वाचनात येण्यापूर्वीच ती पुसून टाकावी. अपाचे हा त्या काळी जगातील सर्वाधिक प्रचलित सर्व्हर असल्यामुळे हा हुकूम अंमलात राहता तर असंख्य संकेतस्थळांच्या चालकांना कळल्यावाचूनच त्यांच्या दारी आलेले अर्ज कोरे होऊन आत गेले असते. हे करणारा गृहस्थ कोणी उपटसुंभ नव्हता. ज्या एचटीटीपी नियमावलीवर सारे वेब उभे आहे तिच्या कर्त्यांपैकी तो एक, अपाचेच्या संस्थापकांपैकी एक, आणि ज्या मसुद्यान्वये ही खूण प्रमाणभूत ठरावयाची होती त्या मसुद्याचाही एक संपादक. आपणच लिहिलेल्या अर्जाचा नमुना आपल्याच हाताने खोडण्याची वेळ या विद्वानावर का आली, हे समजून घ्यावयाचे तर या अर्जाचे मूळ धुंडाळले पाहिजे. आणि ते धुंडाळताना असे दिसून येते की अर्जातील मजकुराविषयी जितका वाद झाला त्याहून अधिक तो अर्ज करण्याचा अखत्यार कोणाचा याविषयी झाला.

ब्राउझर जेव्हा एखादे पृष्ठ मागतो तेव्हा त्या मागणीसोबत काही ओळी आगाऊ जातात. पत्राच्या पाकिटावर आपण प्रेषकाचे नाव, ‘तातडीचे’ किंवा ‘खाजगी’ असे जे शेरे मारतो, त्या जातीच्या या ओळी. त्यांना हेडर म्हणतात. वाचकाला त्या कधी दिसत नाहीत; त्याच्या वतीने त्याचा ब्राउझर त्या लिहितो आणि सर्व्हर वाचतो. वेबच्या बाल्यावस्थेत या ओळींमध्ये वाचकाचा ईमेलचा पत्ता सांगणारी एक ओळ असे, आणि तो कोणत्या पृष्ठावरून येथे आला हे सांगणारी दुसरी. पहिली ओळ लवकरच प्रचारातून गेली, दुसरी आजतागायत आहे. मौजेची गोष्ट अशी की १९९६ सालच्या एचटीटीपीच्या दस्तऐवजातच या ओळी खाजगी माहिती फोडू शकतात याची स्पष्ट जाणीव आढळते, आणि त्या पाठवाव्यात की नाहीत हे वापरणाऱ्याला सोयीस्करपणे ठरविता यावे, अशी सूचनाही तेथे केलेली आहे. सूचनाच ती, सक्ती नव्हे. ब्राउझर करणाऱ्यांनी तशी कळ ठेवावी असे म्हटले गेले, आणि बहुतेकांनी ती ठेवली नाही. हेडर वाचकाच्या नावाने लिहावयाचा, पण लिहिणारा हात मात्र ब्राउझरच्या कारखान्यातला, ही व्यवस्था तेव्हापासूनची आहे.

कुकीचा, म्हणजे संकेतस्थळाने वाचकाच्या ब्राउझरमध्ये ठेवून दिलेल्या ओळखीच्या चिठ्ठीचा, इतिहास याच वळणाने गेला. १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर करणाऱ्या कंपनीत लू मॉन्टुली यांनी ती सिद्ध केली. १९९७ च्या फेब्रुवारीत तिचे जे पहिले प्रमाण प्रसिद्ध झाले, त्यात असे बजावले होते की ज्या संकेतस्थळाशी वाचकाने स्वतः व्यवहार मांडलेला नाही अशा त्रयस्थाची कुकी ब्राउझरने आपोआप स्वीकारू नये. प्रमाण छापले गेले. ब्राउझरवाल्यांनी ते बासनात गुंडाळून ठेवले. जाहिरातींचा जो प्रचंड व्यापार पुढे उभा राहिला तो याच दुर्लक्षित कलमावर पाय देऊन उभा राहिला, असे म्हणण्यास हरकत नाही. पुढे २००२ च्या एप्रिलमध्ये वेबची प्रमाणे ठरविणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने पीथ्रीपी नावाची योजना मान्य केली: संकेतस्थळांनी आपले खाजगीपणाविषयीचे धोरण संक्षिप्त सांकेतिक शब्दांत कळवावे आणि ब्राउझरने ते वाचून वाचकाच्या वतीने निर्णय करावा. इंटरनेट एक्सप्लोररने ती मनावर घेतली. परंतु सांगितलेले धोरण खरे की खोटे हे तपासण्याची सोय नसल्यामुळे पुष्कळांनी त्या जागी वाटेल ते भरले, आणि खुद्द गूगलने तर ‘हे पीथ्रीपीचे धोरण नव्हे’ अशा अर्थाचे वाक्य तेथे घालून ब्राउझरला चकविले, अशी तक्रार मायक्रोसॉफ्टने २०१२ साली जाहीरपणे केली.

मागोवा टाळण्याच्या अर्जाची कल्पना मात्र वेबवर उपजलेली नव्हती. ती टेलिफोनकडून आली. अमेरिकेत २००३ साली ‘मला विक्रीचे फोन करू नका’ असे सांगणाऱ्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली आणि ती कमालीची लोकप्रिय ठरली. (आपल्याकडे २००७ साली टेलिफोन नियामकाने तशीच नोंदवही काढली, तिच्या परिणामकारकतेविषयी वाचकांचा स्वतःचा अनुभव बोलका असेल.) त्याच २००७ साली काही ग्राहकहितवादी संस्थांनी अमेरिकेत ग्राहकसंरक्षणाचे काम पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनकडे अर्ज केला की वेबवर माग काढणाऱ्यांसाठीही अशीच एक यादी असावी. यादीची कल्पना अव्यवहार्य होती, कारण टेलिफोनला क्रमांक असतो, वेबवरच्या वाचकाला तसा स्थिर क्रमांक नसतो, आणि तो द्यावयाचा म्हणजे ज्या रोगावर औषध शोधावयाचे तोच वाढवावयाचा. २००९ च्या जुलैमध्ये संशोधक ख्रिस्तोफर सोघोयान आणि मोझिलाचे सिड स्टॅम या दोघांनी फायरफॉक्ससाठी एक लहानशी जोडणी तयार केली, तिने यादीची गरजच उडवून लावली: वाचकाचे नाव कोणत्याही दफ्तरात नोंदविण्याऐवजी प्रत्येक विनंतीवरच एक हेडर लावावयाचा, की बाबांनो, माझा माग काढू नका. ही युक्ती इतकी सोपी होती की ती आधी कोणाला कशी सुचली नाही याचेच आश्चर्य वाटते. २०१० च्या डिसेंबरात कमिशनने आपल्या प्राथमिक अहवालात या कल्पनेला पाठिंबा दिला, आणि २०११ च्या मार्चमध्ये फायरफॉक्स ४ हा हेडर घेऊन बाहेर पडला. ‘डू नॉट ट्रॅक’ हे त्याचे नाव. किंमत ‘१’ असेल तर माग काढू नये, ‘०’ असेल तर संमती आहे, आणि हेडरच नसेल तर वाचकाने काही सांगितलेले नाही.

ही तिसरी अवस्था, मौनाची, पुढच्या साऱ्या तंट्याचे बीज ठरली. मौन म्हणजे संमती की नकार, हा धर्मशास्त्रातलाही जुना प्रश्न आहे. युरोपात मौनाचा अर्थ नकार धरला जाईल आणि अमेरिकेत संमती, अशी विभागणी मसुदा करणाऱ्यांनी गृहीत धरली होती. पण त्या विभागणीला अर्थ राहावयाचा तर ‘१’ हा अंक वाचकाच्या स्वतःच्या निश्चयातून आलेला असणे आवश्यक होते. म्हणून मसुद्यात असे तत्त्व घालण्यात आले की हा संकेत वाचकाची इच्छाच दर्शवील. एखादा उत्पादक, एखादी संस्था, एखादे संकेतस्थळ किंवा वाटेतले एखादे जाळे यांनी वाचकाच्या अपरोक्ष लादलेली निवड दर्शविणार नाही. पृष्ठासोबत येऊन ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टने तर या हेडरला हातही लावू नये, अशी तजवीज ब्राउझरांच्या नियमांत निराळी झाली: ज्या हेडरांना पृष्ठाने स्पर्श करणे निषिद्ध आहे त्यांच्या यादीत हा हेडर घालण्यात आला. ज्याच्याविरुद्ध अर्ज करावयाचा त्याच्याच हाती अर्जाचा कागद राहू नये, हे योग्यच झाले.

सप्टेंबर २०११ मध्ये कन्सॉर्शियमने हा मसुदा सिद्ध करण्यासाठी एक कार्यकारी गट नेमला आणि अलीशिया मॅकडोनाल्ड व मथियास शुंटर यांना अध्यक्षपद दिले. एका मेजाभोवती ब्राउझर करणारे, जाहिरातींचे दलाल, ग्राहकहितवादी, नियामकांचे निरीक्षक आणि स्टॅनफर्डचा जोनाथन मेयर हा तडफदार विद्यार्थी, असा मेळा जमला. अर्ज कसा लिहावा याविषयी फारसा मतभेद नव्हता. अर्ज मिळाल्यावर काय करावे याविषयी मात्र एकवाक्यता होईना. जाहिरातवाल्यांचे म्हणणे असे की माग काढू नका याचा अर्थ वाचकाच्या आवडीनिवडीप्रमाणे जाहिरात दाखवू नका एवढाच. माहिती गोळा करणे चालूच राहील, कारण हिशेब, फसवणुकीला प्रतिबंध आणि एकच जाहिरात कितीदा दाखविली याची मोजदाद यांसाठी ती हवीच. ग्राहकहितवादी म्हणत की मग उरले काय? ज्या माणसाने दारावर पाळत ठेवू नका असे सांगितले त्याला ‘पाळत राहील, पण तुम्हाला तसे जाणवू देणार नाही’ असे उत्तर देण्यासारखेच हे होते, आणि माझ्या मते या बाबतीत ग्राहकहितवाद्यांचा पक्ष खरा होता. तरीही २०१२ च्या फेब्रुवारीत व्हाइट हाउसमधून खाजगीपणाच्या हक्कांचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला तेव्हा जाहिरातदारांच्या संयुक्त संघाने हा संकेत मानण्याचे अभिवचन दिले. अट एकच, की वाचकाने तो समजून उमजून स्वतः निवडलेला असावा.

त्या अभिवचनाची शाई वाळते न वाळते तोच, ३१ मे २०१२ रोजी, मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की विंडोज ८ सोबत येणाऱ्या इंटरनेट एक्सप्लोरर १० मध्ये हा संकेत मुळातच चालू असेल. या निर्णयामागे ग्राहकाविषयीची कळकळ किती आणि जाहिरातींवर जगणाऱ्या गूगलला शह देण्याची इच्छा किती, याचा निवाडा करण्याचे साधन आपल्यापाशी नाही. दोन्ही हेतू एकाच माणसाच्या ठिकाणी नांदू शकतात, मग इतक्या मोठ्या कंपनीच्या ठिकाणी का नांदू नयेत? पुढे मायक्रोसॉफ्टने थोडी दुरुस्ती केली: संगणक प्रथम चालू करताना ‘शीघ्र मांडणी’ निवडली तर हा संकेत चालू होतो हे पडद्यावर सांगितले जाईल आणि ज्याला नको तो नाकारू शकेल. पण वादळ शमले नाही. ऑक्टोबरात अमेरिकेच्या राष्ट्रीय जाहिरातदार संघाने मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर यांना जाहीर पत्र पाठवून निषेध केला, आणि याहूने सांगून टाकले की या ब्राउझरकडून आलेला संकेत आम्ही मानणार नाही.

फील्डिंग यांनी अपाचेत घातलेल्या त्या ओळी याच काळातल्या. ते तेव्हा अडोबी कंपनीत नोकरीस होते, आणि ही कंपनी जाहिरातींच्या मोजमापाचाही धंदा करीत असल्यामुळे त्यांच्या हेतूविषयी कुजबुज होणे स्वाभाविक होते. परंतु त्यांचा युक्तिवाद हेतूच्या आश्रयाशिवायही उभा राहतो. संकेत जर वाचकाच्या निश्चयाचा दाखला असेल, तर दुकानातून आणलेल्या संगणकात तो आधीच भरलेला असणे म्हणजे कोऱ्या कागदावर छापखान्यातच सही उमटविणे होय. आणि अशा सह्या मोठ्या संख्येने येऊ लागल्या की ज्यांनी मनःपूर्वक सही केली त्यांचे अर्जही त्याच ढिगात गाडले जातात. हे सारे मान्य. पण त्यावर त्यांनी काढलेला तोडगा मात्र मूळ दोषाहून वाईट होता. ब्राउझर करणाऱ्याने वाचकाला न विचारता सही केली हा अपराध मानला, तर सर्व्हर करणाऱ्याने वाचकाला न विचारता ती खोडणे हा त्याच जातीचा दुसरा अपराध नव्हे काय? इंटरनेट एक्सप्लोरर १० वापरणारा एखादा मनुष्य खरोखरच मनापासून ‘नको’ म्हणत असेल, तर त्याचा नकार ओळखण्याचे कोणतेही साधन त्या ओळींत नव्हते. खोट्या सह्यांबरोबर खऱ्या सह्याही त्यांनी पुसल्या. लोकांनी हरकत घेतली, आणि पुढे त्या ओळी अपाचेतून वगळण्यात आल्या. परंतु जाहिरातदारांना जे निमित्त हवे होते ते एव्हाना मिळून गेले होते.

पुढची कथा लांबवण्यात अर्थ नाही. २०१२ च्या अखेरीस पीटर स्वायर हे कायद्याचे प्राध्यापक सहअध्यक्ष म्हणून आले; २०१३ च्या जुलैमध्ये जाहिरातदारांचा प्रतिप्रस्ताव फेटाळला गेला, त्याच महिन्याच्या शेवटी मेयर कंटाळून बाहेर पडले, स्वायर यांना राष्ट्राध्यक्षांनी गुप्तहेर खात्यांच्या चौकशीसाठी बोलावून घेतले, आणि सप्टेंबरात जाहिरातदारांचा संयुक्त संघही उठून गेला. कॅलिफोर्नियाने तेवढ्यात एक कायदा केला, पण त्याने संकेतस्थळांवर घातलेले बंधन मोठे गमतीचे होते: संकेत मानलाच पाहिजे असे नाही, मात्र मानता की नाही हे सांगितले पाहिजे. तेव्हा पुष्कळांनी प्रांजळपणे ‘मानत नाही’ असे लिहून कायद्याचे पालन केले. २०१५ च्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टने हा संकेत आपोआप चालू ठेवणे सोडून दिले आणि २०१९ च्या जानेवारीत कार्यकारी गट बरखास्त झाला. त्यानंतर लवकरच ॲपलने सफारी १२.१ मधून हा हेडर काढून टाकला, आणि कारण असे दिले की तो आता माग काढणाऱ्यांच्याच उपयोगी पडू शकतो: फार थोडे लोक तो लावतात, म्हणून जो लावतो तो गर्दीत उठून दिसतो. माग काढू नका म्हणणाऱ्याची तीच ओळखीची खूण व्हावी, याहून या योजनेची अधिक विटंबना ती कोणती? फायरफॉक्सने मात्र आपल्या या अपत्याला २०२५ च्या फेब्रुवारीपर्यंत घरात ठेवून घेतले.

या योजनेच्या मरणाने एक गोष्ट सिद्ध केली: ज्या अर्जामागे कायद्याचा दंडा नाही तो वाचणाऱ्याच्या सौजन्यावर जगतो. म्हणून कॅलिफोर्नियाचा ग्राहकांच्या खाजगीपणाचा कायदा २०२० च्या जानेवारीत अंमलात आला तेव्हा जुन्या अनुभवाने शहाण्या झालेल्या काही मंडळींनी त्याच्या आधारावर नवा अर्ज लिहावयास घेतला. कायद्याने ग्राहकाला आपली माहिती विकू नका असे सांगण्याचा हक्क दिला होता, आणि ऑगस्टात मंजूर झालेल्या नियमांत असेही होते की ब्राउझरमार्फत आलेला तसा सार्वत्रिक संकेत व्यापाऱ्याने ग्राह्य धरला पाहिजे. वेस्लियन विद्यापीठाचे सेबास्टियन झिमेक आणि पूर्वी फेडरल ट्रेड कमिशनमध्ये काम केलेले अशकान सोल्तानी यांच्या पुढाकाराने ऑक्टोबर २०२० मध्ये ‘ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल’ जाहीर झाला. ब्रेव्ह, डकडकगो आणि मोझिला हे ब्राउझरवाले त्यात होते, आणि न्यूयॉर्क टाइम्स, वॉशिंग्टन पोस्ट ही वृत्तपत्रेही. या नव्या हेडरचे नाव ठरविताना त्याला असा उपसर्ग लावण्यात आला की त्या उपसर्गाचे सगळेच हेडर पृष्ठातल्या जावास्क्रिप्टला निषिद्ध असतात. म्हणजे खोटी सही करण्याचा मार्ग नावानेच बंद झाला. २०२२ च्या ऑगस्टात सेफोरा या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीला इतर आरोपांबरोबर हा संकेत न मानल्याच्या आरोपावरून १२ लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली, आणि मग मात्र व्यापारी मंडळी अर्ज वाचू लागली.

आणि मायक्रोसॉफ्टने उभा केलेला तो जुना प्रश्न? त्याचे उत्तर तंत्रज्ञांना दहा वर्षांत सापडले नाही. ते कोलोरॅडोच्या नियमकर्त्यांनी दोन वाक्यांत दिले. यंत्रासोबत आपसूक आलेल्या साधनात हा संकेत आधीच चालू असेल तर तो ग्राहकाचा निश्चय मानता येणार नाही; पण ज्या साधनाची प्रसिद्धीच मुळी खाजगीपणाच्या रक्षणासाठी झालेली आहे ते साधन ग्राहकाने होऊन निवडले, तर ती निवड हाच त्याचा निश्चय. ग्राहकाच्या या मुखत्याराची नेमणूक कोणी केली, हा येथे निर्णायक मुद्दा ठरला, आणि मुखत्याराने पुढे प्रत्येक कागद धन्याला दाखवून सही घ्यावी हा आग्रह सुटला. ब्रेव्ह किंवा डकडकगो घेणारा मनुष्य ते कशासाठी घेतो हे उघड आहे. विंडोजचा संगणक घेणारा मनुष्य ब्राउझर निवडीत नसतो. इतका सरळ विवेक २०१२ साली केला गेला असता तर कदाचित अपाचेतल्या त्या ओळींची गरजच पडली नसती.

पण या निवाड्याने एक नवीच अडचण उघडी पाडली. ग्राहकाने मुखत्यार निवडला, कायद्याने त्याची सही ग्राह्य धरली, आणि मुखत्याराच्या हाती लेखणीच नसली तर? आयफोनवर नेमके हेच घडत आले. ॲपलच्या मूळ नियमाप्रमाणे आयफोनवर वेब दाखविणाऱ्या प्रत्येक ॲपला ॲपलचेच वेबकिट इंजिन वापरावे लागत आले. २०१२ मध्ये क्रोम आयफोनवर आला आणि २०१५ मध्ये फायरफॉक्स, पण त्यांच्या दर्शनी पाट्या तेवढ्या निराळ्या. आत विनंती लिहून पाठविणारे इंजिन ॲपलचे. सुरुवातीच्या काळात या बंधनातही एक फट होती. वेबपृष्ठ दाखविण्याचा जो जुना घटक ॲपल ॲपकर्त्यांना देत असे, त्यातून बाहेर जाणारी प्रत्येक विनंती ॲपकर्त्याला वाटेत अडवून तिच्यावर हवा तो हेडर चढविता येत असे. वाचकाची ओळख लपविणाऱ्या टोरच्या जाळ्यावरून वेब दाखविणारा ओनियन ब्राउझर तर याच सोयीसाठी त्या जुन्या घटकाला पुष्कळ काळ चिकटून राहिला. २०१४ मध्ये ॲपलने नवा घटक आणला. तो अधिक वेगवान आणि अधिक सुरक्षित, कारण जाळ्याशी बोलण्याचे काम त्यात ॲपच्या बाहेर, निराळ्या प्रक्रियेत चालते. पण म्हणूनच ॲपकर्त्याचा हात त्या विनंत्यांपर्यंत पोहोचेनासा झाला. एप्रिल २०२० पासून जुना घटक वापरणारी नवी ॲप घेणे ॲपलने बंद केले, आणि फट बुजली.

त्यामुळे काय झाले ते नीट पाहण्यासारखे आहे. ॲपकर्त्याला पृष्ठाची पहिली, मुख्य विनंती स्वतः रचता येते, तेव्हा तिच्यावर तो संकेत लावू शकतो. परंतु पृष्ठ उघडल्यावर चित्रे, स्क्रिप्ट, मोजणीचे ठिपके आणि जाहिरातींच्या चौकटी यांसाठी ज्या शेकड्यांनी विनंत्या सुटतात, त्या इंजिन स्वतः पाठविते, आणि त्यांवर त्रयस्थ ब्राउझरकर्त्याला काहीच लिहिता येत नाही. माग काढणारे असतात ते नेमके या दुसऱ्या पंक्तीत. म्हणजे ज्याला उद्देशून अर्ज, त्याच्याकडेच तो पोहोचत नाही. डकडकगोसारख्यांनी यावर तोड काढली ती अशी की मुख्य विनंतीवर हेडर लावावा आणि पृष्ठात स्क्रिप्ट पेरून त्याच अर्थाची एक खूण जावास्क्रिप्टला वाचता येईल अशी ठेवावी. ज्या संकेतस्थळाला वाचावयाचे असेल ते वाचील. तोड हुशारीची खरी, पण अर्धीच. विसंगती अशी की याच घटकात ब्राउझरने आपले नाव काय सांगावे ते मात्र ॲपकर्त्याला हवे तसे बदलता येते, आणि ते सगळ्या विनंत्यांवर जाते. मी अमुक नव्हे तमुक आहे असे खोटे सांगण्याची मुभा आहे. माझ्या धन्याची माहिती विकू नका असे खरे सांगण्याची नाही.

ॲपलच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे, आणि ते टाळणे अन्यायाचे होईल. हा घटक केवळ ब्राउझरच वापरीत नाहीत. समाजमाध्यमांची ॲप आपल्या पोटात जी पृष्ठे उघडतात तीही याच घटकातून. प्रत्येक विनंतीवर हवे ते लिहिण्याची किल्ली सरसकट दिली, तर खाजगीपणाचा अर्ज लावणाऱ्या दोघाचौघांबरोबर ओळखीचा छुपा क्रमांक चिकटविणाऱ्या शंभरांच्याही हाती ती जाईल. भीती खरी आहे. परंतु ब्राउझर कोण आणि इतर ॲप कोण हा भेद करण्याची रीत ॲपलपाशी २०२० पासूनच आहे. आयओएस १४ मध्ये मुख्य ब्राउझर बदलण्याची सोय झाली तेव्हा त्यासाठी ॲपलकडून रीतसर सनद घेण्याचा प्रघात पडला. शिवाय या हेडरला एकच किंमत आहे, ‘१’. त्यात गुप्त क्रमांक लपविण्यास जागाच नाही. ज्यांना सनद दिलेली आहे अशांना एवढी एकच कळ देऊ केली असती तर कोणाचे काय बिघडले असते, याचे समाधानकारक उत्तर मला तरी सुचत नाही.

दरम्यान युरोपने हा तंटा दुसऱ्या टोकाकडून सोडवू पाहिला. तेथील डिजिटल बाजारपेठांच्या कायद्यामुळे मार्च २०२४ मध्ये आयओएस १७.४ पासून ॲपलला परके इंजिन चालविण्याची परवानगी द्यावी लागली, पण त्या वेळी ती युरोपीय संघाच्या हद्दीपुरतीच. एका खंडासाठी एक ब्राउझर आणि उरलेल्या जगासाठी दुसरा असा दुहेरी संसार थाटावा लागणार म्हणून ब्राउझरवाल्यांनी तक्रार केली. कॅलिफोर्नियात २०२४ साली विधिमंडळाने ब्राउझर आणि मोबाइलची कार्यप्रणाली या दोहोंवर हा संकेत देण्याची सक्ती करणारे विधेयक संमत केले, तेव्हा सप्टेंबरात राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी कार्यप्रणाली करणाऱ्यांवर अशी सक्ती लादण्याविषयी चिंता व्यक्त करून ते परत पाठविले. पुढच्या वर्षी कार्यप्रणालीचा उल्लेख गाळून केवळ ब्राउझरांपुरते नवे विधेयक आले, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्यावर त्यांची सही झाली. त्या वेळी क्रोम, सफारी आणि एज या तिन्ही मोठ्या ब्राउझरांत हा संकेत अंगभूत नव्हता. १ जानेवारी २०२७ पासून कॅलिफोर्नियात कोणत्याही व्यापारी संस्थेला असा ब्राउझर तयार करता किंवा चालू ठेवता येणार नाही, ज्यात ग्राहकाला हा संकेत पाठविण्याची सोय नाही. कायद्याने जबाबदारी ब्राउझर करणाऱ्यावर टाकली आहे, आणि आयफोनवरच्या ब्राउझरचे इंजिन कोणाचे, हा प्रश्न त्याने विचारलेला नाही. कॅलिफोर्निया युरोपीय संघात मोडत नाही, म्हणजे तेथे परक्या इंजिनाची वाट मोकळी नाही. सफारीसाठी ॲपलला वेबकिटमध्ये ही व्यवस्था करावी लागेलच. ती केल्यावर तिची कळ फायरफॉक्स, ब्रेव्ह आणि डकडकगो यांच्याही हाती दिली जाते की नाही, यावर त्यांनी कायदा पाळला की मोडला हे ठरावयाचे आहे.